पडशीत शिवलेल्या तीन गोळ्या

"माझ्या पोटात रुळाचा तुकडा टाका," ओराझबेक म्हणाला होता, "संध्याकाळपर्यंत खिळे पाडून देतो."

हे तो बोलला गेल्या सप्टेंबरात, उझिनबुलाक गावी, दुइसेनच्या घरी. ओराझबेकची मुलगी मोल्दिर आणि दुइसेनचा मुलगा, यांची सोयरीक पहिल्यांदा बोलायला दोघे बाप एका ताटावर बसले होते. आणि गडी नुसतं बोलून थांबला नाही. मानाचं मेंढ्याचं डोकं सगळ्यांना वाटून जे उरलं ते त्याने संपवलं, मांसाचं दुसरं ताट संपवलं, वर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे पाच वाडगे रिचवले आणि मग विचारलं, "जेवायला कधी बसायचं?" दुइसेनची आई बातिमा आपा ब्याऐंशी वर्षांची, जन्मभर खाणारी माणसं बघितलेली. तीसुद्धा म्हणाली, "हा व्याही झाला तर आपल्या मेंढ्यांनी दुसरं गाव बघावं."

ओराझबेक आमच्या सारितोबे जंक्शनचा स्टेशनमास्तर. सव्वीस वर्षांत त्याच्या स्टेशनात एक मालगाडी विनाकारण अडली नाही, आणि पोटाबद्दलही त्याचं तेच धोरण होतं: आलं की पुढे सोडायचं.

जानेवारीत तो तापाने पडला. ताप आठ दिवसांत गेला, पण पोट झोपलं ते उठेचना. दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं व्हायचं. दुपारचं जेवण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुक्कामाला. ढेकर यायचा तो परवाच्या मुळ्याची खुशाली घेऊन. अकरा किलो वजन गेलं, पट्ट्याला तीन नवी भोकं पडली, तरी हा म्हणे, "हवापालट आहे." शेवटी त्याची बायको कुलाश त्याला ओढत शहरात डॉक्टर रौझांकडे घेऊन गेली.

रौझाबाईंनी त्याला एका मोठ्या इस्पितळात तपासणीला पाठवलं. तिथे त्याला अंड्याचा पोळा आणि पाव खायला दिला. पोळ्यात यंत्राला दिसेल असं काहीतरी घातलेलं होतं. मग दर तासाला यंत्रासमोर उभं करून अंडं कुठपर्यंत पोचलं ते बघायचं. चार तास झाले तरी निम्मं अंडं जिथल्या तिथे.

"कुठल्या कोंबडीचं होतं?" ओराझबेकने विचारलं.

"कोंबडीचा दोष नाही," रौझाबाई म्हणाल्या. "वाटेत अडथळाही नाही. तुमचं जठर पुढे ढकलतच नाहीये. तापात त्याच्या नसा दुखावल्यात."

"म्हणजे सिग्नल हिरवा आहे, रूळ मोकळा आहे, पण इंजिनच नाही."

"अगदी तसंच. आता आपण इंजिन लावू."

पहिलं इंजिन मेटोक्लोप्रामाइड नावाचं लावलं. त्याने पोट किती हललं देव जाणे, पण ओराझबेक मात्र हलायला लागला. बसला की उठायचा, उठला की चालायचा, पाय म्हणून जागेवर ठरेनात. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "काय हरवलंय? मीपण शोधू का?" कुलाशने फोन केला तसं रौझाबाईंनी ते औषध तिथल्या तिथे बंद केलं. "काहींना होतं असं. परत घ्यायचं नाही." मग छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला, आणि डॉमपेरिडोन सुरू झालं. एक गोळी, जेवणाआधी अर्धा तास, दिवसाला तीनच्या वर नाही.

"आणि हीसुद्धा नाही लागू पडली तर?"

"तर एरिथ्रोमायसिन थोडं थोडं देऊन बघू."

"ते घशाचं ना?"

"घशाचंच. पण जाता जाता जठरालाही ढुशी देतं. ते राखीव ठेवू या." शेवटी रौझाबाईंनी चष्मा काढला. हे त्या महत्त्वाचं सांगायचं असेल तेव्हाच करायच्या. "थोडं थोडं खायचं, मऊ खायचं. आणि चरबी बंद. चरबीने चांगलं जठरसुद्धा मंदावतं, तुमचं तर आधीच पेन्शनीत निघालंय."

गोळी लागू पडली. कुलाश दिवसातून सहा वेळा वाडगाभर पातळ भाताचं कालवण करायची, नूडलं मोडून मोडून मऊ शिजवायची, मांस दोनदा कुटून घालायची. एप्रिलअखेर तीन किलो वजन परत आलं आणि ओराझबेक पुन्हा रात्रभर सलग झोपायला लागला. सगळं रुळावर येत होतं. मग उझिनबुलाकहून निरोप आला: रविवारी या, चरबी-कलेजी उरकून टाकू.

आमच्याकडे सोयरिकीची सही कागदावर नंतर होते, आधी चरबी-कलेजीवर होते. मेंढ्याच्या शेपटाची चरबी आणि कलेजी, दोन्हीचे काप एकत्र करून व्याह्यांनी एकमेकांना हाताने भरवायचे. खाल्ले की विषय संपला. पुढे दहा वर्षांनी कुणी कुरकुर केली तरी पंच एकच विचारतात, "चरबी-कलेजी खाल्ली होतीस ना?" आणि नाही खाल्ली, तर मुलगी द्यायची नाही असा अर्थ सगळा गाव घेतो. इकडे मोल्दिरने शिंप्याकडे मापंसुद्धा देऊन ठेवली होती.

"सरळ सांगा त्यांना," कुलाश म्हणाली. "पोटाचा आजार आहे, औषध चालू आहे. माणसं आहेत ती, लांडगे नाहीत."

"अगं, खिळे पाडून देतो म्हणालो होतो मी!"

"मग आता सांगा, कारखाना बंद आहे."

"म्हणजे म्हणतील, आजारी घरातली मुलगी गळ्यात बांधतायत. नाही. मी आधी गोळी घेणार, बरोब्बर अर्ध्या तासाने एक घास गिळणार, हसणार. कुणाला पत्ता लागणार नाही."

"गोळी घेताना दिसणार नाही का?"

हा प्रश्न अवघड होता. आमच्याकडे व्याह्याला एकटं कोणी सोडत नाही. हात धुवायला उठला तरी दोघं जण टॉवेल घेऊन मागे. ओराझबेकने त्यावर रविवारी पहाटे उपाय काढला. विहिणीकडे न्यायला कुलाशने तीन किलो उंट छाप टॉफ्या आणल्या होत्या. त्यातल्या तीन खाऊन टाकायचा त्याचा विचार होता, पण डॉक्टरांच्या भीतीने त्याने त्या कुत्र्याला दिल्या आणि कागदांत तीन गोळ्या गुंडाळल्या. एक घ्यायची, दोन राखीव. रेल्वेतला माणूस राखीव इंजिनाशिवाय घराबाहेर पडत नाही. टॉफीचा कागद सोडायचा, गोळी तोंडात टाकायची, वर चहा. कोण ओळखतंय? स्वतःवर खूश होऊन त्याने त्या तीन टॉफ्या टेबलावर ठेवल्या आणि दाढी करायला गेला.

त्याच टेबलावर कुलाश पडशी भरत होती. दोन तोंडांची, खोगिरावर टाकायची पडशी. सोयरिकीला जाताना ती भरून, तोंडं शिवून न्यायची आणि ती उसवायची मात्र समोरच्या घरच्या बायकांनी. कापड, चहाचे पुडे, मनुका, टॉफ्या, सगळं तिने ठासून भरलं. बघते तर टेबलावर तीन टॉफ्या उरलेल्या. लेकीच्या सासरी जायच्या पडशीत तीन टॉफ्या कमी कशाला? तिने त्याही टाकल्या आणि दुहेरी टाका घालून तोंडं शिवली.

ऐंशीपैकी पंचाहत्तर किलोमीटर गाडी हाकल्यावर ओराझबेकने खिसा चाचपला.

"माझ्या टॉफ्या कुठायत?"

"तुम्ही कधीपासून टॉफ्या खायला लागलात?"

"टेबलावरच्या गं! तीन!"

"पडशीत आहेत. का?"

का, ते त्याने सांगितलं. कुलाश म्हणाली, "एकतीस वर्षं झाली लग्नाला. दर वेळी वाटतं, आता याच्यापुढे काही असणार नाही."

"उसव ती."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आपलीच शिवलेली पडशी आपण उसवायची? तीही विहिणीच्या वेशीवर? गोळ्यांचं पाकीट आणलंय ना बरोबर?"

"पाकीट कोणाला तरी दिसलं असतं. म्हणून घरी ठेवलं."

तेवढ्यात दुइसेनचं घर दिसायला लागलं. दारात सगळी मंडळी उभी होती, आणि सगळ्यांत पुढे हात पसरून दुइसेन. सहा फुटी, ट्रॅक्टरसारखा माणूस, डोळ्यांत मात्र पटकन पाणी येणारा.

"व्याही! वाळलात की हो!"

"काम फार," ओराझबेक म्हणाला.

"आज सगळं भरून काढू. गेल्या वेळचं तुमचं जेवण बघून मी सबंध हिवाळा एक मेंढा वेगळा बांधला. स्वतःच्या हाताने चारलाय. शेपूट किती निघालं असेल सांगा! साडेपाच किलो! नुसतं लोणी."

ओराझबेकने "वा!" म्हटलं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडातून आल्यासारखं वाटलं.

आत चहा मांडला. पडशी मानाच्या कोपऱ्यात गालिच्यावर ठेवली. आता चहाची रीत अशी की तो संपत नाही. आणि पडशी उसवायची ती चहानंतर, बायकांच्या सवडीने. मग लगेच चरबी-कलेजी. म्हणजे पडशी उसवल्यावर हातात अर्धा तास असणारच नव्हता. ओराझबेकने मनातल्या मनात वेळापत्रक मांडलं, मोडलं, परत मांडलं. शेवटी न राहवून म्हणाला, "विहीणबाई, पडशी उसवा की."

आणलेली भेट उघडा म्हणून पाहुणाच घाई करतोय, असं उझिनबुलाकमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. दुइसेनची बायको बाल्जान हातातली किटली तशीच धरून राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "बघा, किती हौसेने आणलंय! दम निघत नाहीये त्यांना!"

"आत काहीतरी भारी असणार," दारातल्या शेजारणीने दुसरीला सांगितलं.

"सोनं असेल. स्टेशनमास्तर आहे."

ही बातमी कुंपणावरून कुंपणावर गेली. पडशी आता अशी घाईघाईत उसवणं बरं दिसेना. ज्या ज्या बायांना खबर लागली त्या येईपर्यंत थांबणं भाग होतं. पाऊण तासात खोलीत तिसेक बाया आणि त्यांची पोरं जमली. ओराझबेकने घाई केल्यामुळे पडशी पाऊण तास उशिरा उसवली गेली.

कात्री बातिमा आपाने घेतली. एक टाका, दुसरा टाका. माना पुढे झाल्या. कापड निघालं, चहा निघाला, मनुका निघाल्या. सोनं काही निघालं नाही. पण आपा जुनी माणूस; तिने गोष्ट पडू दिली नाही. दोन्ही हात पडशीत खुपसून तिने टॉफ्या भरभरून काढल्या, "गोड होऊ दे रे सगळं!" म्हणून ओरडली आणि मुठीमागून मुठी डोक्यांवरून उधळल्या.

उधळलेली टॉफी वेचणं शुभ. ती पोरांनी वेचायची, बायांनी वेचायची. मुख्य व्याह्याने गुडघ्यांवर पडून वेचायची नसते. ओराझबेक पडला.

"अहो!" कुलाश दातओठ खात म्हणाली.

"हलकी ती आपली," तो गालिच्यावरूनच म्हणाला. रुळाला हातोडी मारून तडा ओळखणारा माणूस तो. एकेक टॉफी तळहातावर झेलून बघायचा आणि खिशात कोंबायचा. कुलाशला आता वेगळीच भीती वाटली. एखाद्या पोराच्या हाती गोळी लागली तर? ती दारात आडवी उभी राहिली. "आधी हात धुवून या सगळे! न धुता कुणी टॉफी तोंडात घालायची नाही! धुवून आलेल्याला दोन देईन!" पोरांची अख्खी फौज हौदाकडे पळाली, आणि शेजारणी एकमेकींना म्हणाल्या, "शहराजवळचं वळण आहे हो, बघा."

पहिली गोळी ओराझबेकला लगेच सापडली. त्याच्या उजव्या गुडघ्याखाली. कागद उघडला तर गोळीचं पीठ, तेही गालिच्यात सांडलं.

दुसरी त्याने डोळ्यांनी पाहिली. ती दुइसेनच्या हातात होती. व्याह्यांच्या टॉफीचा मान म्हणून दुइसेनने ती सगळ्यांसमोर सोडली, तोंडात टाकली आणि चावली. त्याचा चेहरा आधी थांबला, मग आंबला. पण उधळणीतली टॉफी थुंकायची म्हणजे सोयरीकच थुंकल्यासारखी. त्याने डोळे मिटून ती गिळली.

"कशी आहे?" बाल्जानने विचारलं.

"गोड," दुइसेन म्हणाला, आणि त्याने चहाचा वाडगा एका दमात संपवला. "वेगळीच चव. सारितोबेची असेल."

ओराझबेक गालिच्यावरून ताडकन उठला. आपण व्याह्याला औषध चारलं. गुपचूप. याचं हृदय कसं आहे, कुणाला ठाऊक? त्याने घाईघाईने खिशातलं सगळं टॉफ्यांच्या ताटात ओतलं, टॉफ्या, कंगवा, रुमाल, गाडीची किल्ली, आणि दोन्ही हातांनी उपसायला लागला. तिसरी गोळी नव्हती.

"काय शोधतोस रे बाबा?"

बातिमा आपा त्याच्या शेजारी येऊन बसली होती. तिने मूठ उघडली. आत उंट छाप कागद, आणि कागदात गोळी.

"मला वाटतं हे शोधतोयस. या वयात टॉफी ओळखत नसेन, पण गोळी मी अंधारातसुद्धा ओळखते. मलाच रोज पाच लागतात." तिने आवाज खाली आणला. "पोटाची का?"

त्याने मान हलवली.

"घे. किती वेळ लागतो चढायला?"

"अर्धा तास."

आपाने दाराकडे बघितलं. बाल्जान चरबी-कलेजीचं ताट घेऊन आत येतच होती. काप चांगले दोन बोटं जाड आणि ताट दोघींनी धरलेलं. आपाने काठी आपटली. "थांबा! व्याही आधी आभाराचे दोन शब्द बोलणार आहेत."

ओराझबेकने गोळी गिळली, चहा प्याला, उभा राहिला. त्याने जन्मात भाषण केलं नव्हतं. गाड्यांची घोषणा तेवढी केली होती.

"मी या घराच्या उंबरठ्याचा आभारी आहे," त्याने सुरुवात केली. "उंच आहे, तरी मी पडलो नाही. रस्त्याचा आभारी आहे. खड्डे आहेत, पण त्यांनी जागा सोडली म्हणून मधे रस्ता आहे. मेंढ्याचा आभारी आहे. सबंध हिवाळा त्याने माझ्यासाठी खाल्लं. मला त्याच्यासाठी काही करता आलं नाही."

"सहा मिनिटं," आपा पुटपुटली. "ओढ आणखी."

मग त्याने दुइसेनचे आभार मानले, बाल्जानचे मानले, जावयाचे मानले, जावयाला ट्रॅक्टर शिकवणाऱ्याचे मानले. चहाचे, मिठाचे, आलेल्या प्रत्येक शेजारणीचे, तिचं नाव विचारून, मानले. तिसाव्या शेजारणीला माणसं संपली. अजून अठरा मिनिटं उरली होती. तो इकडेतिकडे बघायला लागला आणि त्याला दारात पोरांचे हात पुसत उभी असलेली कुलाश दिसली.

"आणि हिचा," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्याकडे तयार नव्हतं. "ही चार महिने दिवसातून सहा वेळा माझ्यासाठी वेगळं शिजवते. मांस दोनदा कुटते. रात्री मी झोपलो का ते बघायला उठते आणि मी विचारलं की म्हणते, मांजर बघत होते. आमच्याकडे मांजर नाही." कुलाशने मान खाली घातली आणि एका पोराचा कोरडा हात परत पुसायला घेतला. "मी हिला कधी आभार म्हटलं नाही. वाटलं, घरातल्या घरात काय म्हणायचं."

"वेगळं का शिजवते?" दुइसेनने विचारलं. त्याने जिभेवरून बोट फिरवून तोंड वाकडं केलं आणि पाचवा चहा मागितला.

तिथे ओराझबेकचा बांध फुटला.

"कारण माझं पोट चालत नाही, व्याही. जानेवारीपासून. खिळे सोडा, मला भाकरीसुद्धा पाडता येत नाही. जेवणाआधी गोळी लागते. लाज वाटली म्हणून टॉफीच्या कागदात गुंडाळून आणली, आणि ती... तुम्ही खाल्लीत. ती कडू होती ना?"

दुइसेनने वाडगा खाली ठेवला.

"भयंकर," दुइसेन म्हणाला. "पण मला वाटलं, तुमच्याकडची टॉफी अशीच असते. म्हटलं, आता लग्नानंतर वर्षानुवर्षं हीच खायची."

"तुम्हाला हृदयाचा काही त्रास? दुसरं औषध?"

"गुडघ्याला मलम लावतो."

कुलाशने तोवर फोन लावलाही होता. सगळ्यांना ऐकू येईल असा तो तिने ताटाशेजारी ठेवला. रौझाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दुइसेनला चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "एका गोळीने काही होणार नाही त्यांना. चक्कर आली, छातीत धडधडलं तर लगेच कळवा. आणि ओराझबेक, पुन्हा औषध मिठाईत गुंडाळलंत तर पुढच्या वेळी अंडं मी स्वतः भरवीन. आता जेवणात काय आहे?"

आपाच फोनवर वाकली. "लेकरा, मी दुइसेनची आई. शेपटाची चरबी आहे. सोयरीक आहे. खावी तर लागेल."

"अजिबात नाही."

"एक काप?"

"आपा, नाही."

"काप जाऊ दे. बोटाएवढी?"

"नाही!"

"तू शहरात वाढलेली दिसतेस. नखाएवढी?"

रौझाबाईंचा आवाज आला, आणि त्यात आता डॉक्टरपेक्षा बाजारातली बाई जास्त होती. "कुणाच्या नखाएवढी?"

आपाने दुइसेनच्या फावड्याएवढ्या पंजाकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "माझ्या."

"मसुरीच्या डाळीएवढी. कलेजी तेवढीच. चावून चावून. गोळी घेऊन अर्धा तास झाला का?"

तीस जणींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "एकतीस मिनिटं!"

"मग भरवा," रौझाबाई म्हणाल्या. "आणि माझ्याही तर्फे अभिनंदन."

डाळीएवढा काप कापायला बाल्जानला तीन सुऱ्या बदलाव्या लागल्या. दुइसेनने तो आपल्या दोन जाड बोटांच्या टोकांत धरला. काप पडला असता तर गालिच्यावर सापडला नसता. त्याने तो ओराझबेकच्या तोंडात ठेवला आणि हुंदका दिला.

"मला सांगायचंत की हो, व्याही. मी सूप केलं असतं. मला सूप येतं!"

ओराझबेकने चावून चावून गिळला. सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होते. मग त्यांच्या नजरा खाली उतरल्या, पोटापाशी थांबल्या. काही वेळ काहीच झालं नाही. नंतर ओराझबेकने एक लहानसा, सभ्य ढेकर दिला, ताज्या चरबीचा, आजचा. कुलाशने डोळे पुसले. तिच्याएवढी त्या ढेकराची वाट कुणीच पाहिली नव्हती.

"खाल्ली!" आपाने जाहीर केलं. "तीस साक्षीदार आहेत, एक डॉक्टर आहे." मग तिने ओंजळ पसरली, सगळ्यांनी पसरली. "लेकरांचा संसार रुळावर राहो. व्याह्याच्या पोटातली गाडी वेळेवर सुटो. औषध बनवणाऱ्याचं भलं होवो, शिजवणारीचं त्याहून भलं होवो. आणि माझ्या लेकाला पुढची टॉफी गोड लागो. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवले.

साडेपाच किलोच्या शेपटाचं बाकी सगळं दुइसेनच्या भावकीने संपवलं. ओराझबेक सूप प्याला. दुइसेनला खरंच सूप येत होतं. वाडगाभरच प्याला, पण तो म्हणाला की जानेवारीपासून कुठल्याही पंगतीत आपण इतके पोटभर जेवलो नव्हतो, आणि या वेळी ती बढाई नव्हती.

चार वाजता निघायची वेळ झाली. पडशी रिकामी परत पाठवायची रीत नाही. बाल्जान आणि शेजारणींनी ती शिगोशिग भरली, दोन्ही तोंडं तिहेरी टाक्याने शिवली, आणि दुइसेनने स्वतः गाडीपर्यंत आणली. ती आता सारितोबेला, ओराझबेकच्या घरी, त्याच्या शेजारणी जमल्यावरच उसवायची होती.

"व्याह्यांच्या पुढ्यातल्या टॉफ्यांच्या ताटात जे जे होतं ते सगळं घातलंय हो," बाल्जान कुलाशचे हात हातात घेऊन म्हणाली. "एक कण मागे ठेवला नाही."

ओराझबेकने सगळ्यांना मिठ्या मारल्या, आपाचे हात डोळ्यांना लावले, गाडीपाशी गेला आणि खिसा चाचपला.

किल्ली ताटात होती.